फोनवरचे साहेब

एक जानेवारीला सकाळी सव्वासात वाजता आमदारसाहेबांनी मला फोन करून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मी दात घासत होतो. तोंडात फेस, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात मोबाइल आणि कानात साहेब: "कमळाकरजी, मी कुंडलिक बोलतोय. हं, असं बघा, आज तुमचा वाढदिवस. तुमच्यासारख्या माणसांच्या जिवावर मी उभा आहे. सरस्वती वहिनींनाही माझा नमस्कार सांगा." मी फेसातून "साहेब, अहो साहेब" करत राहिलो आणि फोन बंद झाला. एकोणीस वर्षं मी कुंडलिकसाहेबांचा पीए आहे. मुरबाडच्या त्यांच्या कार्यालयात बसतो, पत्रं लिहितो, भाषणं लिहितो, सभेत त्यांच्या मागे काळी बॅग धरून उभा राहतो, आणि या एकोणीस वर्षांत त्यांनी मला एकदाही 'जी' लावलेला नाही. 'कमळ्या'पासून सुरुवात झाली, केस पिकले तेव्हा 'कमळाकर' झालो, तेवढीच बढती. शिवाय माझा वाढदिवस एक जानेवारीला नसतोच. आधार कार्ड काढायला गेलो तेव्हा शाळेचा दाखला घरी राहिला होता, यंत्रावरच्या मुलाने नुसतं साल विचारलं आणि पुढे एक जानेवारी ठोकून दिली. आमच्याकडे ज्याची तारीख ठाऊक नाही तो एक जानेवारीला जन्मतो. कातकरी वाड्या तर अख्ख्याच्या अख्ख्या त्या दिवशी जन्मलेल्या आहेत. म्हणजे हा फोन यादी बघून आला होता. साहेब यादी बघून फोन करत नाहीत. साहेब कोणालाच फोन करत नाहीत. त्यांच्या नावाने फोन मी करतो.

मी चूळ भरली, चहा घेतला, पण त्या फोनमधले तीन शब्द कानातून जाईनात. 'हं, असं बघा' हे साहेबांचं बोलणं नव्हे. साहेब भरभर बोलतात, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, रागावले की आवाज नाकात चढतो. 'हं, असं बघा' हे माझं आहे. साहेब पहिल्यांदा निवडून आले त्या वर्षी इतके फोन यायचे की त्यांनी एकदा गाडीत डोळे मिटल्या मिटल्या सांगितलं, "टोकावड्याच्या त्या म्हाताऱ्याचा मुलगा गेलाय. तूच बोल माझ्या नावानं. फोनवर तुझा आवाज माझ्यासारखाच लागतो." मी बोललो. घाबरलो होतो म्हणून आधी घसा साफ केला आणि वेळ काढायला म्हणालो, 'हं, असं बघा.' म्हातारा पलीकडे रडायला लागला आणि मला काय झालं कोण जाणे, पुढचे शब्द आपोआप येत गेले. त्या दिवसापासून फोनवरचे साहेब मी झालो. कोणाच्या दहाव्याला, कोणाच्या बारशाला, कोणाचा पाय मोडून तो इस्पितळात पडला म्हणून. मंचावरच्या साहेबांना लोक टाळ्या द्यायचे, पण जीव लावायचे ते फोनवरच्या साहेबांना, आणि हे मी कोणाकडे बोलू शकत नव्हतो, कारण ही गोष्ट भिंतीलाही कळता कामा नये असं साहेबांनी बजावलं होतं. एकट्या सरस्वतीला माहीत होतं. ती म्हणायची, "साहेब झालात की तोंडातून मध गळतो आणि घरात आलात की घसा बसतो." बायको खोटं बोलत नव्हती.

कार्यालयात मनस्वी माझ्या आधी येऊन बसली होती. ही मुलगी वाशिंदची, सव्वीस-सत्तावीसची, पुण्याला कॉम्प्युटर शिकून आलेली. दिवाळीनंतर साहेबांनी तिला 'डिजिटलचं सगळं ही बघेल' म्हणून आणलं आणि माझ्या टेबलाशेजारी तिचं टेबल लागलं. खिडकीकडची बाजू तिला मिळाली, हेही मी मनात टिपून ठेवलं होतं. "काका, आला का फोन?" ती हसत म्हणाली. "सकाळपासून साडेचार हजार लोकांना गेलेत. तुमचं नाव लिस्टमध्ये मुद्दाम ठेवलं मी." मग तिने समजावून सांगितलं. कार्यालयाच्या फोनवर चार वर्षांचे कॉल आपोआप साठलेले होते. त्यातले साहेबांचे चारशे तिने वेचून काढले, यंत्राला ऐकवले, आणि आता यंत्र साहेबांच्या आवाजात पाहिजे त्या नावाने पाहिजे ते बोलतं. "काका, ते कॉल ऐकत बसले ना, तर मला रडूच आलं. स्टेजवर साहेब किती वेगळे वाटतात. फोनवर किती मायेनं बोलतात." मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली आणला नाही. ते चारशेच्या चारशे कॉल माझे होते. तिला सांगावं असं क्षणभर वाटलं, पण सांगून काय होणार होतं? साहेबांनी मला हाकललं असतं, आणि ती 'सॉरी काका' म्हणाली असती. दुपारी तिने डब्यातली वालाची उसळ अर्धी माझ्या पोळीवर वाढली. चांगली मुलगी होती, त्याचाच जास्त राग येत होता. मला हेवा वाटत होता हे सरळ सांगतो. एकोणीस वर्षांत मी जेवढ्या माणसांशी बोललो तेवढ्यांशी ते यंत्र एका सकाळी बोललं, न थकता, चहा न पिता, आणि माझ्याच गळ्याने. कोणी आपला सदरा घालून आपल्याच घरी पाहुणा म्हणून यावं, आणि घरच्यांनी त्याला पाट मांडावा, तसं झालं होतं.

पण हा हेवा नवा होता. जुना साहेबांबद्दलचा होता, आणि तो म्हादूपासून सुरू होतो. धसईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला म्हादूची कातकरी वाडी आहे. दिवाळी झाली की सगळी वाडी झोपड्यांची दारं काट्यांनी झाकून पेणकडच्या वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. दोन वर्षांपूर्वी आषाढात म्हादूची बायको हिरी तापाने गेली. मी साहेब होऊन फोन केला, नेहमीसारखा दोन मिनिटांचा. म्हादू ऐकून घेत होता, आणि मधेच म्हणाला, "साहेब, तिची टोपली दारात हाय. रानातून आली नि तशीच टाकलीन. ती आत घ्यायला माजा हात नाय होत." आणि आपण कोणाच्या नावाने बोलतोय हे मी विसरलो. माझी आई गेली तेव्हा तिची काठी महिनाभर न्हाणीच्या दाराला टेकून होती आणि आम्ही घरातले सगळे तिला वळसा घालून आत जायचो. हे मी कधी सरस्वतीशीही बोललो नव्हतो, ते म्हादूला सांगितलं. "राहू दे टोपली," मी म्हणालो. "भिजली तरी राहू दे. आपोआप हात होईल तेव्हा घे." अर्धा तास आम्ही बोलत होतो. पाऊस ओसरल्यावर म्हादू रानातून खणलेल्या करांद्यांची पाटी डोक्यावर घेऊन कार्यालयात आला. ती त्याने साहेबांच्या पायाशी ठेवली आणि एक शब्द न बोलता त्यांच्याकडे बघत राहिला. तसं माझ्याकडे आजवर कोणी बघितलेलं नाही, माझ्या बायकोनेही नाही. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "काय रे, बरं ना सगळं?" विचारलं आणि तो गेल्यावर करांदे ड्रायव्हर भरतला देऊन टाकले. मी मागे बॅग धरून उभा होतो. म्हादूची नजर माझ्यावरूनही फिरली होती, पण खुर्ची-टेबलावरून फिरावी तशी. माझी आई, तिची काठी, सगळं साहेबांच्या खात्यावर जमा झालं आणि साहेबांना त्याचा पत्ताही नव्हता.

चार तारखेला शहापूरला कॉलेजच्या सभागृहात साहेबांचं भाषण होतं. विषय मोठे होते: बाहेरून येणारे लोंढे, मोबाइलवरची फसवणूक आणि निवडणुकीतल्या अफवा. भाषण मी आठ दिवस खपून लिहून दिलं होतं. साहेब उभे राहिले, आणि पहिल्याच वाक्याला मला कळलं की माझे कागद बॅगेतच राहिलेत. त्यांच्या समोर मनस्वीचा टॅब होता, त्यावर अक्षरं सरकत होती. "वाशिंदला, आसनगावला नव्या इमारतींत कोण राहतंय? कुठून आलं? उद्या कुठे जाणार?" साहेब विचारत होते. "ज्याची चूल इथे, त्याचंच नाव इथल्या यादीत. जो वर्षातले सहा महिने इथे नसतो त्याचं मत इथे कशाला?" पोरांनी बाकं बडवली. माझ्या कागदावर याच जागी एक वाक्य होतं, की आपलीही माणसं सहा महिने परक्या मुलुखात माती तुडवतात आणि तिथे तीही बाहेरचीच असतात, तेव्हा बाहेरच्याबद्दल बोलताना जीभ जपून वापरू या. त्याला टाळ्या पडल्या नसत्या हे मीही जाणतो. पुढे साहेब म्हणाले, "आजकाल आवाज चोरीला जातात. ओळखीचा आवाज आला तरी खूण विचारा, जी फक्त तुम्हा दोघांना ठाऊक आहे." आणि शेवटी: "निवडणूक जवळ आली की माझ्या तोंडात कोणीही काहीही घालेल. माझं खरं बोलणं तेच, जे तुम्ही माझ्याकडून ऐकाल." साडेचार हजार माणसांना तीन दिवसांपूर्वी यंत्राने फोन केले होते आणि हा माणूस छातीवर हात ठेवून हे म्हणत होता. पण मी कोणत्या तोंडाने हसू? एकोणीस वर्षं मी तेच करत आलो होतो. कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी सगळ्यांसमोर मनस्वीच्या पाठीवर थाप मारली, "पोरी, मैदान मारलंस." मग वळून मला म्हणाले, "कमळाकर, गाडी पुढे घ्यायला सांग." भाषण कोणाचं, हे त्यांनी विचारलंही नाही, आणि माझे आठ दिवस बॅगेत घडी होऊन पडले होते.

साहेब लोकांच्या गराड्यात होते तेव्हा मी सभागृहाच्या मागे गेलो. तिथे कॅन्टीनची भांडी वाळत घातलेली होती, एक बाई वाकून भात चिकटलेली परात घासत होती. बॅगेतून कार्यालयाचा फोन काढला आणि म्हादूला लावला. काम काहीच नव्हतं. मला फक्त कोणाकडे तरी साहेब व्हायचं होतं, एवढंच. "हं, असं बघ म्हादू, मी बोलतोय रे." मग म्हादू म्हणाला, "साहेब, तुमी परवा सकाली बोलला, हिरी वहिनीला नमस्कार सांगा. मी कुठं जाऊन सांगू?" मतदारयादीत हिरीचं नाव अजून होतं. मेलेल्याचं नाव काढायला अर्ज लागतो, आणि तो कोणी केला नव्हता. यंत्राने यादीत वाचलं आणि बोललं. "आन वाडीच्या सगल्यांनाच फोन," म्हादू म्हणत होता, "सगल्यांचा वाढदिस एकाच दिशी. पोरं हसली. मी नाय हसलो. मना वाटला, साहेब इसरलं आमाला." आता खरं काय ते सांगता आलं असतं. ते यंत्र होतं, चूक झाली, माफ कर. पण त्या क्षणी माझ्या मनात मनस्वीच्या पाठीवरची ती थाप होती. मी म्हणालो, "तो मी नव्हतोच म्हादू. कोणीतरी माझा आवाज काढतोय. यापुढे माझ्या नावाने कोणी फोन केला, कागद मागितले, गाडी पाठवतो म्हणाला, तरी ऐकायचं नाही. खूण विचारायची. खूण सांगितली नाही तर समजायचं, खोटा." म्हादूचा आवाज मोकळा झाला. "मना वाटलाच," तो म्हणाला. "तुमी इसरायचा नाय." मी फोन बॅगेत टाकला तेव्हा मला फार बरं वाटत होतं, आणि परात घासणाऱ्या बाईला मी उगाचच नमस्कार केला.

साहेबांचं भाषण लोकांनी मनावर घेतलं. बाहेरच्यांबद्दल बोललेलं होतं, पण वाशिंदच्या इमारतीत जाऊन हरकत घ्यायला धाडस लागतं, कातकऱ्यांवर घ्यायला काय लागतं? आठवड्याभरात धसईकडच्या कोणीतरी वाडीच्या बासष्ट नावांवर हरकत नोंदवली: ही माणसं गावात राहत नाहीत, स्थलांतरित आहेत, नावं कमी करा. हिरीच्या नावावर मात्र हरकत नव्हती, ती कुठे गेली नव्हती ना. नोटिसा झोपड्यांच्या दारांवर, काट्यांवर चिकटवल्या गेल्या. अठरा तारखेला रविवारी धसईच्या शाळेत सुनावणी ठरली, सकाळी दहा ते पाच. स्वतः येऊन तोंड दाखवायचं, नाही आलं तर नाव गेलं. नाव गेलं की नुसतं मतच जातं असं नाही. उद्या रेशनवाला, दाखलेवाला, घरकुलाचा माणूस, सगळे तोच कागद पुढे करून 'तुम्ही इथले नाही' म्हणायला मोकळे, आणि वाडीच्या लोकांकडे इथलं असल्याचा दुसरा पुरावा काय, तर डोंगर. साहेबांचा चेहरा पडला, कारण ही मतं त्यांचीच होती. "मनस्वी, गाडी पाठव, सगळ्यांना आण," ते म्हणाले. मनस्वीला म्हणाले, मला नाही. त्याच आठवड्यात कार्यालयाचा फोनही तिने मागून घेतला. "सिक्युरिटीसाठी काका, सगळे कॉल आता एकाच नंबरवरून जातील." मी फोन दिला, चार्जरही दिला. शनिवारी यंत्राकडून वाडीला फोन लावण्याआधी तिने मला विचारलं, आणि हे मला रोज आठवतं, खुर्ची माझ्याकडे वळवून तिने अगदी नीट विचारलं, "काका, वाडीच्या लोकांचं काही वेगळं आहे का? कसं बोलायचं, काय सांगायचं? तुम्ही ओळखता ना त्यांना." मी म्हणालो, "यादीत सगळं आहे की." ती म्हणाली, "ओके." घरी गेल्यावर सरस्वतीने वाढलेलं मी चिवडत बसलो. तिने विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "उद्या तिची फजिती होणार आहे." "कोणाची?" "त्या मुलीची." सरस्वती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग तुम्हाला जेवण का जात नाही?" मी ताट सरकवलं. मी स्वतःला सांगत होतो की बासष्ट माणसं गाडीत चढणार नाहीत, साहेब हवालदिल होतील, मग शेवटी 'कमळाकर, आता तूच बघ' म्हणतील, मी बोलेन, आणि पाचच्या आत सगळं जुळून येईल. माणसांच्या नावांवर मी माझा मान लावला होता. तेव्हा मात्र मला तो हिशेब अगदी सरळ वाटत होता.

रविवारी साडेदहाला मनस्वीचा मोबाइल वाजला. साहेब कुठल्याशा लग्नाला निघताना कार्यालयात डोकावले होते, कडक इस्त्री, खिशाला अत्तराचा वास. फोन भरतचा होता. तो पहाटेच दोन टेम्पो घेऊन भट्टीवर गेला होता. मनस्वीने स्पीकर लावला. "चढत नायत," भरत म्हणाला. "सात वाजल्यापासून हात जोडतोय. आता तर निम्मी मानसं कामाला लागली." मग फोन म्हादूकडे गेला. "गाडी पाठवतो बोलला कोन, तर बसायचा नाय. साहेबांनीच सांगितलाय."

"पण गाडी साहेबांनीच पाठवलीय, दादा," मनस्वी म्हणाली.

"साहेबांनीच सांगितलाय," म्हादू पुन्हा म्हणाला.

मनस्वीने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली. धसईपासून पेण तीन तासांच्या वर, म्हणजे बारापर्यंत निघाले तरच काही होणार होतं. माझ्या मनात मी म्हणत होतो, आता म्हणा, 'कमळाकर'. पण साहेबांनी हात पुढे केला आणि फोन स्वतःच घेतला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. "ए म्हादू, मी आमदार बोलतोय. काय तमाशा लावलाय? बस गाडीत गुपचूप." आवाज नाकात चढला होता.

"हा साहेबांचा आवाज नाय," म्हादू शांतपणे म्हणाला.

साहेब फोनकडे बघत राहिले. मनस्वीने घाईघाईने टॅब त्यांच्यापुढे सरकवला, बिचारीने मदतच केली. मला माझ्या खुर्चीवरून पडदा दिसत होता. म्हादू, वय एक्कावन्न. पत्नी, हिरी. साहेबांचे डोळे त्या ओळीवर गेले आणि पुढे काय होणार ते मला दिसलं. नुसता हात वर केला असता तरी पुरे होतं. माझा हात मांडीवरच राहिला, आणि तो का राहिला हे मी लपवत नाही: मला ते ऐकायचं होतं. साहेब गोड आवाज काढून म्हणाले, "हे बघ म्हादू, रागावू नको. हिरी वहिनींनाही घेऊन बस गाडीत. सगळे मिळून या."

पलीकडे कोणीतरी विटा एकावर एक टाकत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला. मग म्हादू म्हणाला, "तुमी साहेब असाल तर सांगा, हिरीची टोपली कुठं होती?"

"टोपली?" साहेबांनी मनस्वीकडे पाहिलं. तिचं बोट पडद्यावर वर-खाली होऊ लागलं, पण यादीत टोपली नव्हती. "कसली टोपली रे?"

"मग ठेवा फोन."

मी उठलो. साहेबांच्या हातातून फोन घेतला, घेतला म्हणजे ओढलाच, आणि घसा साफ केला. "हं, असं बघ म्हादू. टोपली दारात होती. तुझा हात होत नव्हता. मी म्हटलं होतं, राहू दे, भिजली तरी राहू दे."

मनस्वीने हात तोंडावर नेला. साहेब अर्धवट वाकलेले होते, तसेच राहिले. आणि फोनमधून म्हादूचा आवाज आला, माझ्या ओळखीचा, मऊ. "हां साहेब. आता वलखला. बसतू आमी. पन आमी बावीस जनंच हाव आता. बुधू आन बाकीचे चिखलात उतरलं, भट्टीवाला आता त्यांना दिसभर सोडायचा नाय. सकाली बोलला असता तर सगलेच आलो असतो."

चाळीस नावं. सकाळी बोललो असतो तर. काल बोललो असतो तर, शनिवारी त्या मुलीने खुर्ची वळवून विचारलं तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर. माझ्या डोळ्यांसमोर ती नोंद आली, नावापुढे 'स्थलांतरित', नावापुढे 'स्थलांतरित', पान भरून. "जेवढे आहात तेवढे निघा," मी म्हणालो. "बुधूचं मी बघतो." काय बघणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं, पण साहेब नेहमी असंच म्हणतात, म्हणजे मी म्हणतो.

"साहेब," म्हादूने विचारलं, "मगाशी तो कोन बोलत होता?"

साहेब माझ्यापासून हातभर अंतरावर होते. अत्तराचा वास येत होता. एवढी वर्षं मी याच एका क्षणाची वाट बघत होतो की काय असं वाटलं, आणि तो आला तेव्हा त्यात चव नव्हती. "तो खोटा होता, म्हादू," मी म्हणालो. "तू बस गाडीत."

फोन बंद करून टेबलावर ठेवला. मनस्वी टॅबचं झाकण उघडत होती आणि मिटत होती. साहेब हळूच खुर्चीत बसले. माझ्याकडे बघत होते, आणि ती नजर रागाची नव्हती. बॅग धरून मागे उभा राहिलेल्या माणसाची होती. शेवटी विचारलं तेव्हा आवाज नाकात नव्हता.

"ही हिरी," ते म्हणाले, "कधी गेली?"

"दोन वर्षं झाली, साहेब. आषाढात," मी सांगितलं. "तुम्ही त्याला फोन केला होतात. अर्धा तास बोलत होतात."